गाडीतली कॉफी : आधी मोरी बघा, मग मशीन

मोटरहोमची सहल ठरली की कॉफीवाल्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, ‘मशीन कुठलं न्यायचं?’ हा प्रश्न खरं तर सगळ्यात शेवटी विचारायचा. घरी नळ सोडला की पाणी येतं, मोरीत ओतलं की जातं आणि भिंतीत प्लग खुपसला की वीज मिळते. गाडीत साठ-शंभर लिटरची टाकी, परातीएवढं सिंक, खाली सांडपाण्याची छोटी टाकी आणि बॅटरी एवढाच संसार. कॉफी करायला एक कप पाणी लागतं, पण भांडं धुवायला किती लागतं आणि चोथा कुठे जातो, यावर तुमची कॉफी चौथ्या दिवशीही होणार की इन्स्टंटच्या पुडीवर येणार, हे ठरतं.

त्यामुळे उलट्या क्रमानं जाऊ. पाणी, आग, धुणं आणि मग भांडं.

पाणी

गाडीच्या टाकीतलं पाणी हातपाय आणि भांडी धुण्यासाठी. टाकी प्लॅस्टिकची असते, उन्हात तापते, पाण्याला वास येतो आणि तो वास उकळूनही जात नाही. पिण्याचं आणि कॉफीचं पाणी वेगळ्या जारमध्ये ठेवा. वीस लिटरचा जार जागा खातो, पाच-पाच लिटरचे दोन कॅन बरे पडतात. ते खालच्या कप्प्यात, पट्ट्यानं बांधून ठेवायचे.

आपल्याकडे चव दर शंभर किलोमीटरवर बदलते ती पाण्यामुळे. सोलापूर, मराठवाडा, विदर्भाच्या बऱ्याच भागांत बोअरचं पाणी जड असतं. त्यात कॉफी बोथट लागते आणि किटलीच्या तळाला पांढरा थर धरतो. कोकणात किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, त्या पाण्याची कॉफी करूच नये. दुसऱ्या टोकाला आरओचं पाणी. त्यातले क्षार इतके काढलेले असतात की कॉफी आंबट आणि पातळ वाटते. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, खिशात मावणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. आकडा ७५ ते १५० च्या आसपास असला की निश्चिंत राहा. आरओचं पाणी २० दाखवत असेल, तर त्यात गावातलं चांगलं नळाचं पाणी थोडं मिसळा आणि उकळून वापरा. मीटर फक्त क्षार मोजतो, पाणी पिण्यालायक आहे की नाही ते सांगत नाही, हे मात्र लक्षात असू द्या.

आग : गॅस की वीज?

नवख्यांचा ओढा विजेकडे असतो. किटलीचं बटण दाबलं की झालं, असं वाटतं. हिशेब करून बघा. एक लिटर पाणी उकळायला साधारण १०० वॅट-तास ऊर्जा लागते. १०० अँपिअर-तासाच्या १२ व्होल्ट बॅटरीत १,२०० वॅट-तास असतात, म्हणजे ऊर्जा भरपूर आहे. अडचण वेगळीच आहे. घरगुती किटली १,५०० वॅटची असते. तेवढी वीज १२ व्होल्टवरून द्यायची तर बॅटरीतून १२५ अँपिअर आणि इन्व्हर्टरमधली गळती धरून १४० च्या आसपास प्रवाह ओढला जातो. लेड-ॲसिड बॅटरीचा व्होल्टेज तेवढ्यात कोसळतो आणि इन्व्हर्टर शिट्ट्या मारून बंद पडतो. लिथियम बॅटरीतही कित्येकदा १०० अँपिअरची मर्यादा घातलेली असते. घरचं एस्प्रेसो मशीन त्याच कारणासाठी घरी ठेवा. इंडक्शन शेगडी मंद आचेवर ठेवली तरी स्वस्तातली शेगडी पूर्ण ताकदीनं चालू-बंद होत राहते, त्यामुळे तिथेही सुटका नाही. १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणाऱ्या छोट्या किटल्या मिळतात. त्या १५० वॅटच्या आसपास असतात, एका मगाला पंधरा मिनिटं घेतात. घाई नसेल तर त्या खुशाल वापरा.

रात्रीच्या मुक्कामाला बाहेरून वीज जोडायची सोय असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा किटली लावा, थर्मास भरून ठेवा.

बाकी वेळ गॅस. एक लिटर पाण्याला पंधराएक ग्रॅम गॅस पुरतो, बाहेर वारा असेल तर दुप्पट धरा. ५ किलोचा छोटा सिलिंडर पेट्रोल पंपांवर आणि एजन्सीत ओळखपत्रावर मिळतो. कॉफीपुरता विचार केला तर तो संपता संपणार नाही. घरच्या मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस भरून घेण्याचा ‘जुगाड’ रस्त्यात कोणी ना कोणी सुचवतोच. तो बेकायदा आहे आणि जीवघेणाही.

गॅसबाबत काही गोष्टींत तडजोड नको. पेटवण्याआधी खिडकी आणि छताचा झरोका, दोन्ही उघडायचे, पाऊस असला तरी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून त्याचा अलार्म खाली बसवायचा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा घ्यायचा, कारण त्या वायूला वास नसतो. ज्योत पिवळी होऊन भांड्याला काजळी धरायला लागली, तर कॉफी राहू द्या आणि शेगडी बंद करा. कॉफी झाली तरी ऊब हवी म्हणून शेगडी चालू ठेवणं तर अजिबात नाही. गाडी चालू असताना सिलिंडरचा कॉक बंद हवा. आगरदांडा-दिघी किंवा दाभोळ-धोपावे अशा फेरीबोटीवर गाडी चढवताना तो पुन्हा एकदा हातानं तपासा.

बाहेर कॅसेट स्टोव्हवर, म्हणजे ब्युटेनच्या डब्यावर चालणाऱ्या छोट्या शेगडीवर, करणार असाल तर वाऱ्याला आडोसा करा, पण स्टोव्हला चहूबाजूंनी पत्र्यानं वेढू नका. ब्युटेनचा डबा तापतो आणि फुटू शकतो. डब्यावर सावली धरेल इतकं मोठं पातेलंही त्यावर ठेवू नये.

धुणं

ओला चोथा सिंकमध्ये गेला की तो खालच्या टाकीत बसतो. मे महिन्याच्या उन्हात दोन दिवसांत त्याचा वास गाडीत वर येतो, आणि तिसऱ्या दिवशी पाईप तुंबतो. म्हणून नियम एकच : चोथ्याचा कणही सिंकमध्ये नाही. चोथा डब्यात, डब्यात कागदाची पिशवी, पिशवी मुक्कामाच्या गावातल्या कचऱ्यात. ‘खतच आहे, झाडाखाली टाकू’ हे शहरी समाधान आहे. जंगलात आणि कातळावर तो चोथा तसाच पडून राहतो आणि तुमच्यामागून येणाऱ्याला दिसतो.

भांडं आधी टिश्यूनं किंवा जुन्या वर्तमानपत्रानं कोरडं पुसायचं, मग घोटभर पाण्यानं खळखळायचं. साबण रोज लागत नाही.

या कसोटीवर भांडी लावली की यादी आपोआप लहान होते. फ्रेंच प्रेस, म्हणजे जाळीचा दट्ट्या दाबून चोथा तळाशी बसवणारं भांडं, कॉफी छान करतं, पण तळाशी चोथ्याचा चिखल उरतो. तो काढायला अर्धा-पाऊण लिटर पाणी सहज जातं, आणि काचेचं असेल तर पहिल्या खराब घाटातच त्याचा निकाल लागतो. व्ही-सिक्स्टीसारखा कागदी फिल्टरचा शंकू धुवायला सोपा, कारण कागद चोथ्यासकट उचलायचा. पण त्याला बारीक धारेची किटली, वजनकाटा आणि स्थिर हात लागतो. वाऱ्यात पाणी लवकर निवतं. हौस असेल तर न्या.

उरतात तीन : एअरोप्रेस (पिचकारीसारखी नळी, दट्ट्या दाबला की कागदातून कॉफी मगात उतरते), मोका पॉट (शेगडीवरचं दुमजली भांडं, वाफेच्या दाबानं पाणी पुडीतून वर चढतं) आणि आपला दक्षिणी स्टीलचा फिल्टर (एकावर एक दोन भांडी, वरच्याच्या तळाला भोकं). तिन्ही फुटत नाहीत. एकट्यानं किंवा दोघांनी, बिनदुधाची कॉफी पीत फिरणार असाल तर एअरोप्रेस. घट्ट आणि झटपट हवी असेल तर मोका पॉट. चारजणांचं कुटुंब असेल आणि दुधाची कॉफी लागत असेल तर स्टीलचा फिल्टर, दुसरा विचार करू नका.

निघण्याआधी घरी

काटा गाडीत न्यायचा कंटाळा असेल तर घरीच मोजून घ्या. एअरोप्रेससाठी १५ ग्रॅमच्या आणि फिल्टरसाठी २० ग्रॅमच्या पुड्या किंवा छोट्या डब्या भरून ठेवा. दळलेली कॉफी मात्र लवकर उतरते. चार दिवसांची सहल असेल तर दळून न्या. त्याहून मोठी असेल तर बिया आणि हातानं फिरवायचा ग्राइंडर. १५ ग्रॅम दळायला मिनिटभर लागतं आणि पहाटे शेजारच्या तंबूला त्रास होत नाही. दळण कसं हवं? मोका पॉटला बारीक रव्यासारखं, एअरोप्रेसला त्याहून किंचित जाड, फिल्टरलाही जवळपास तेवढंच. पिठासारखं बारीक कशालाच नको.

पाकिटावर भाजल्याची तारीख बघा. भाजून आठवडा झालेली आणि महिना-दीड महिन्याच्या आतली बी सगळ्यात चांगली. पाकीट डॅशबोर्डवर किंवा वरच्या कप्प्यात ठेवू नका. बंद गाडीत वर भट्टी होते. खालच्या, सावलीच्या कप्प्यात घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. फ्रीजमध्येही नको, सारखं उघडलं की आत दव धरतं.

दुधाचं सोपं उत्तर म्हणजे २०० मिलीचे टेट्रा पॅक. न उघडलेले फ्रीजबाहेर टिकतात आणि उघडला तो एका बैठकीत संपतो. लिटरचा पॅक स्वस्त पडतो, पण उघडल्यावर त्याला फ्रीज लागतो. आणि गाडीचा फ्रीज दुपारच्या उन्हात कितपत थंड राहतो, ते दूध फाटल्यावरच कळतं.

कृती

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. शेगडीवर वाटीभर पाणी ठेवून बघितलं की उतार कळतो. चालत्या गाडीत कॉफी करायची नाही, सिग्नलला थांबलेल्या गाडीतही नाही.

एअरोप्रेस

१. झाकणात कागद बसवून गरम पाण्यानं भिजवा. तेच पाणी मगात फिरवून तो ऊबदार करा.
२. १५ ग्रॅम पूड घाला. पाणी उकळून मिनिटभर थांबा, मग २०० मिली ओता. दहा सेकंद ढवळा.
३. दट्ट्या वर नुसता टेकवून ठेवा म्हणजे गळती थांबते. दीड-दोन मिनिटं जाऊ द्या.
४. आता दाबायचं, सावकाश, तीसेक सेकंदांत. हे घडीच्या टेबलावर करू नका. त्या टेबलाचा पाय तुमच्या वजनासाठी बनवलेला नसतो. ओट्यावर किंवा गाडीच्या पायरीवर, जाड बुडाच्या स्टीलच्या मगावर दाबा, काचेच्या ग्लासावर नाही.
५. झाकण काढून चोथ्याची चकती थेट डब्यात. रबर पुसलं की संपलं.

उलटं उभं करून करायची पद्धत व्हिडिओंत छान दिसते. डुगडुगत्या गाडीत ती हातावर उकळतं पाणी घेण्याची पद्धत आहे.

मोका पॉट

१. खालच्या भांड्यात बाजूच्या वाफेच्या झडपेच्या खालपर्यंतच पाणी. आधी गरम केलेलं घेतलं तर पूड करपत नाही आणि गॅसही वाचतो. भांडं तापलेलं असतं, फडक्यानं धरा.
२. गाळणी पूड भरून सपाट करा, दाबू नका. इथे चिकरी (एका झाडाच्या भाजलेल्या मुळाची पूड) मिसळलेली पूड वापरू नका. ती ओली झाली की चिकट होते आणि जाळी तुंबते.
३. मंद आच, झाकण उघडं. मधासारखी संथ धार यायला लागेल. ती फिकी पडून फुसफुसायला लागली की लगेच उतरवा. फुसफुस संपेपर्यंत वाट बघणाऱ्याला कडूच कॉफी मिळते.
४. निवल्यावरच उघडा. आणि इंडक्शनवर वापरायचा असेल तर ॲल्युमिनियमचा चालत नाही, स्टीलचा घ्यावा लागतो.

स्टीलचा फिल्टर

गाडीसाठी याच्याइतकं सोयीचं भांडं नाही असं माझं ठाम मत आहे. कारण कॉफीचं काम रात्रीच उरकतं. सकाळी सहाला, सगळे आडवे असताना, अरुंद जागेत उकळत्या पाण्याशी झुंजावं लागत नाही.

१. वरचं भांडं कोरडं करून घ्या. २० ग्रॅम पूड घालून हलकी थोपटा, आतली दांडीची चकती वर ठेवा.
२. कढत पाणी आधी थोडंसंच, पूड भिजेल इतकं. अर्धा मिनिट थांबून बाकीचं, सगळं मिळून १०० ते १२० मिली.
३. झाकण लावा आणि सिंकमध्ये उभं करून ठेवा, म्हणजे कलंडलं तरी पसारा नाही. पंधरा-वीस मिनिटांत डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, उतरतं. थेंबच पडत नसेल तर पूड जास्त दाबली गेली आहे. चकती जराशी उचलून परत ठेवा.
४. डिकॉक्शन छोट्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी संपवायचं.
५. सकाळी दूध तापवा, एका भागाला दोन-तीन भाग दूध, साखर. डिकॉक्शन वेगळं उकळायचं नाही.

आणि आपली घरची जायफळ-वेलचीची कॉफी? तीही याच डिकॉक्शनवर होते. दूध-साखर उकळून गॅस बंद करायचा, डिकॉक्शन घालायचं, जायफळ वरून किसायचं आणि दोन मिनिटं झाकायचं. जायफळ उकळत ठेवलं तर कडवट उतरतं. इन्स्टंटच्या दोन-चार पुड्याही बरोबर असू द्या. आंबोलीत दिवसभर पाऊस कोसळत असताना, खिडकी उघडता येत नसताना, थर्मासमधल्या गरम पाण्यात ढवळलेली इन्स्टंट प्यायला लाज वाटायचं कारण नाही.

उंची

गाडी घाट चढली की सवयीची कृती बिनसते, आणि लोक बीला दोष देतात. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंश सेल्सिअसनं उतरतो. महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटरवर, पाणी ९५-९६ अंशांना उकळतं. इथे काही बदलायची गरज नाही, फक्त उकळल्यावर मिनिटभर थांबू नका. उटीला ९२-९३. लेहला, ३,५०० मीटरवर, ८८ च्या आसपास. मनाली-लेह रस्त्यावर सरचूला ८६. तिथे पाणी कितीही खळखळू द्या, आच वाढवली तरी ते त्याहून तापणार नाही, नुसता गॅस जाईल.

कमी तापमानाच्या पाण्यात पुडीचा अर्क पुरता उतरत नाही. कॉफी आंबट आणि पोकळ लागते. उपाय सोपे आहेत. लडाखला जाताना हलक्या भाजणीची बी नेऊ नका. मध्यम-गडद भाजणीतून चव सहज सुटते. दळण एक-दोन घर बारीक करा. एअरोप्रेसमध्ये दोनाऐवजी तीन मिनिटं ठेवा, पाणी उकळताक्षणी ओता. कॉफीचा मग, भांडं, दट्ट्या, सगळं आधी गरम करा, कारण तिथल्या पहाटे थंड स्टील उरलीसुरली ऊब खाऊन टाकतं. फिल्टरला टॉवेल गुंडाळा. मोका पॉटमध्येही पाणी कमीच तापतं, पण पूड भरपूर आणि बारीक असल्यामुळे उणीव फारशी जाणवत नाही.

थंडीत ब्युटेनच्या डब्याची ज्योतही मरगळते. समुद्रसपाटीच्या दाबाला ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतं, प्रोपेन उणे ४२ ला. सिलिंडरच्या एलपीजीत दोन्ही असतात, म्हणून तो थंडीत अधिक भरवशाचा. डबाच वापरायचा असेल तर रात्री गाडीत आत ठेवा. मात्र तापवण्यासाठी ज्योतीजवळ कधीही नेऊ नका. आणि वेफरच्या पाकिटांसारखी कॉफीची पाकिटंही वर फुगतात. झडप असलेली आपोआप हवा सोडतात, बिनझडपेची तोंड लांब धरून उघडा, नाहीतर पूड अंथरुणावर.

वाटेत खरेदी

महाराष्ट्रात कॉफी बघायची तर चिखलदरा. अमरावती जिल्ह्यात, सातपुड्यात, सुमारे १,१०० मीटरवर इंग्रजांच्या काळापासून कॉफीची झाडं आहेत. पण पिशव्या भरायच्या तर गाडी कर्नाटकाकडे वळवा. देशातली बहुतांश कॉफी तिथलीच. चिकमगळूर आणि मडिकेरीच्या बाजारात भाजून, समोर दळून देणारी दुकानं आहेत. दुकानदार पहिला प्रश्न चिकरीचा विचारतो. ८०:२० म्हणजे ऐंशी टक्के कॉफी, ७०:३०, ६०:४० तसंच. कायद्यानं चिकरी ४९ टक्क्यांपर्यंत चालते आणि पाकिटावर प्रमाण छापावं लागतं. सुट्या पुडीला छापील पाकीट नसतं, म्हणून तोंडानं विचारून घ्या. चिकरीनं डिकॉक्शन दाट आणि काळं होतं, दुधात ते शोभतं. बिनदुधाच्या कॉफीत ती नकोच. एअरोप्रेस किंवा मोका पॉट असेल तर शुद्ध घ्या आणि दळण कशासाठी हवंय ते सांगा, नाहीतर सवयीनं फिल्टरचंच दळून मिळेल. पहिल्यांदा शंभर ग्रॅम शुद्ध आणि शंभर ग्रॅम ८०:२० घ्या, रात्री दोन्हींचं डिकॉक्शन लावून सकाळी चाखा, आणि आवडेल ती अर्धा किलो गाव सोडायच्या आधी भरून घ्या.